वाटी आमची न्हाय

लॉकडाऊनमध्ये तीन महिने मी लोकांना फोनवरून एकच प्रश्न विचारला : काल काय खाल्लं? एवढ्याशा प्रश्नातून किस्से ते किती निघणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आता इतके साठलेत की पंगतीत कुणी वाटी पुढे केली तरी मी सुरू होते. रूपाली म्हणते, "आधी जेव बाई. तुझ्या किश्शांनी आमटी गार होते!"

काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं ते सुनंदावहिनींच्या फोनवर. साधी चौकशी चालली होती.

"वहिनी, काल दुपारी काय केलं होतं?"

"भाकरी. आन् वांग्याचं कालवण."

"कालवण किती खाल्लंत?"

"दीड वाटी."

मी लिहिलं, दीड. पुढचा प्रश्न वाचणार, तेवढ्यात वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "पण ताई, वाटी आमची न्हाय."

आणि फोन कट!

मी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. किती वाट्या, याला रकाना होता. वाटी कुणाची, याला नव्हता.

*

आता जरा मागचं सांगते. मी तेव्हा नुकतीच एम.ए. झाले होते. रूपाली आणि मी बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला एक खोली घेऊन राहायचो. एसट्या बंद झाल्या आणि मी इंदापूरला आईकडे जायची ती तिथंच अडकले. रूपालीही अडकली. अशात आमच्या कॉलेजच्या सरांचा फोन आला. कुठल्याशा संस्थेला पाहणी करून हवी होती. ज्या गावात मोठं भांडण होऊन गेलंय, तिथं साथीच्या दिवसांत माणसांचं खाणंपिणं कसं बदलतं?

"सर, भांडणाचा आणि खाण्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"तेच तर शोधायचंय. तू नुसतं विचार आणि लिही. डोकं लावू नकोस."

गावाचं नाव सांगत नाही, सरांनी शपथ घातलीय. भिगवणकडून डाळजकडे येताना उजनीचं पाणी दिसत राहतं, त्या पट्ट्यात कुठंतरी आहे असं समजा. गावाच्या दोन वस्त्या. वरच्या वस्तीत ऊस आणि गाई. खालची वस्ती पाण्याच्या कडेला, तिथं भाजीपाला आणि मासे. मधे एक बांध. वरच्यांची पाइपलाइन खालच्यांच्या रानातून जाते. त्यावरून दोन वर्षांपूर्वी आधी पाइप फुटला, मग डोकी फुटली, मग दोन्हीकडून पोलिसात केस. तेव्हापासून लग्नकार्याला जाणं बंद, मयताला जाणं बंद आणि वाटी बंद.

वाटी म्हणजे आपली नेहमीचीच. घरात काही वेगळं केलं की शेजारी एक वाटी धाडायची, आणि शेजारची आलेली वाटी कधी रिकामी परत द्यायची नाही. तुमच्याही आईने फडताळातला शेवटचा लाडू असाच घालवला असेल!

सरांचे दोन नियम होते. एक, भांडणाचा विषय काढायचा नाही. दोन, एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, मग ते एकाच घरातले का असेनात.

"बाकी चुका मी समजून घेईन," सर म्हणाले.

*

त्या दिवसांत फोन लावला की रिंगच्या आधी कुणीतरी खोकायचं, आठवतं ना? साथीच्या सूचनेची रेकॉर्ड होती ती. मी दर वेळी दचकून फोन लांब धरायचे.

"अगं, फोनमधून लागत नाही!" रूपाली ओरडायची.

"माहितीय मला," म्हणायचे, आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच.

माझा पहिलाच फोन खालच्या वस्तीतल्या तात्यांना होता. तात्यांचं वांग्या-टोमॅटोचं रान.

"नमस्कार तात्या, मी बारामतीहून बोलतेय—"

"ताप न्हाय! खोकला न्हाय! वास येतो, चव लागती!"

"तात्या, मी फक्त जेवणाबद्दल—"

"पुण्यासनं कुणी आलं न्हाय. मुंबैसनं कुणी आलं न्हाय. आमी घर सोडलं न्हाय!"

"बरं. पण काल जेवायला काय होतं?"

 मागून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "खरं सांगू नका!"

मी पेन हातात धरून बसले. कुठून आलात, कुणाला भेटलात हे लपवणं एक वेळ समजू शकते. पण काल खाल्लेलं लपवायचं?

*

पहिल्या आठवड्यात वरच्या वस्तीतली सगळी उत्तरं एकसारखी.

"सकाळी दूध-भाकरी. दुपारी ताक-भाकरी. सांजच्याला दशम्या."

"दशमी म्हणजे दुधात भिजवलेल्या पिठाची ना? म्हणजे परत दूधच?"

"मग काय करायचं ताई? डेरी एक दिवस घेती, एक दिवस न्हाय. दूध काय गाईला परत द्यायचं?"

"आणि भाजी?"

"भाजीचा टेम्पो बंद हाय."

खालच्या वस्तीत उलटं. भिगवणची हॉटेलं बंद, त्यामुळे चिलापी न्यायला कुणी येईना. तीन वेळा मासे. टोमॅटो पत्र्यावर वाळत घातलेले, वांगी बांधावर टाकून दिलेली. लहान पोरं ताट बघूनच रडायची. आणि चहा?

"कोरा."

"दूध?"

"दुधाची गाडी येत न्हाय आता."

मी गावाचा नकाशा काढून बघितला. दूध आणि वांगी यांच्यामध्ये चार फुटांचा बांध होता! रूपालीने दोन वस्त्यांचे दोन फॉर्म एकावर एक ठेवले आणि उजेडात धरले.

"हे बघ," ती म्हणाली, "असं धरलं की एक माणूस पोटभर जेवतो!"

*

आणि मग फॉर्म बिघडायला लागले. म्हणजे सुधारायला लागले, पण मला बिघडल्यासारखेच वाटायचे. तात्या एव्हाना मला ओळखू लागले होते आणि स्वतःहून सांगायचे.

"काल सकाळी खरवस खाल्ला."

मी लिहिलं आणि थांबले. "तात्या, गाय व्याली का तुमची?"

"आमच्यात गाय कुठाय?"

"मग खरवस कशाचा?"

तात्यांनी घसा खाकरला. "शेळीचा."

"शेळी व्याली?"

"शेळी बी न्हाय आमच्यात."

 मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग काय लिहू तात्या?"

"गोड लिवा," तात्या म्हणाले.

*

सरांचा विषय संख्याशास्त्र. एके सकाळी त्यांचा मेसेज आला की वाटी प्रत्येक घरात वेगळ्या मापाची असते, तेव्हा लोकांना वाटीभर पाणी बाटलीत ओतून माप सांगायला लावा. झालं! आम्ही दोघी आठवडाभर लोकांना फोनवरून पाणी ओतायला लावत बसलो. कुणी म्हणे, "पाण्याची टंचाई हाय का बारामतीत?" कुणी म्हणे, "ह्यानं कोरोना कळतो व्हय?"

आठवड्याने सरांचा फोन.

"हे सुनंदाबाईंचं घर. सोमवारी वाटी लहान. मंगळवारी मोठी. बुधवारी मधली. शुक्रवारी म्हणे वाटीच नाही, किटली! एका घरात सात दिवसांत सात मापं?"

"हो सर."

"आणि खालच्या वस्तीतही तसंच?"

"हो सर."

सरांनी कागद पुन्हा चाळल्याचा आवाज आला. मग फार गंभीरपणे म्हणाले, "उन्हाने स्टील इतकं वाढत नाही."

*

शेवटी सुनंदावहिनींनीच सांगितलं. त्या दिवशी मी काही विचारलंही नव्हतं. बाईला कुणालातरी सांगायचंच होतं आणि मी लांब होते, तोंड दिसत नव्हतं.

सुनंदावहिनी आबांच्या सूनबाई. आबा म्हणजे वरच्या वस्तीचे पुढारी. भांडणात पुढे तेच आणि केसमध्ये पहिलं नाव त्यांचंच. त्यांच्या गोठ्याच्या मागे बांध, आणि बांधापलीकडे खालच्या वस्तीतलं टोकाचं घर कमळकाकूंचं. काकू एकट्या. नवरा वारलेला, मुलगा चाकणला कंपनीत अडकलेला.

"लॉकडाऊनमधी काम न्हाय म्हणून सगळी भांडी काढून घासली," वहिनी म्हणाल्या. "तर फळीच्या मागं एक वाटी घावली. वर काकूंच्या मालकाचं नाव घातलेलं. भांडणाच्या आधीची. तशीच ऱ्हायलेली."

"मग?"

"मग परत नगं का द्यायला? मेलेल्या माणसाचं नाव हाय वाटीवर."

"दिलीत?"

"दिली. पण रिकामी कशी द्यायची? दूध घातलं. मग त्यांनी माझी वाटी रिकामी कशी द्यायची? वांगी घातली. मग मी..." वहिनी हसल्या. "आता थांबायचं कुणी?"

"आणि बाकीच्या घरांत?"

"तितंबी फळ्या हाईत की ताई. परत्येकाच्या फळीवर दुसऱ्याची भांडी!"

"कुणाला दिसत नाही?"

"दिसतं की. भांडी उन्हात घातलीत म्हणायचं, कोरोना मराय."

मी हसले, पण वहिनींचं अजून संपलं नव्हतं. आबा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. पण साथीत ताकदीसाठी अंडी-मासे खा असं टीव्हीवर सांगत होते, म्हणून वहिनींच्या मुलींसाठी कमळकाकू वाटीत चिलापी द्यायच्या. वहिनी गोठ्याच्या मागे तीन दगडांवर शिजवायच्या.

"आणि धूर?"

"लिंबाच्या पाल्याचा हाय म्हणलं. कोरोनासाठी."

"आणि वास?"

"परवा आबा म्हणलं, कसला वास येतुया गं? मी हातच जोडलं. म्हणलं, आबा, वास येतुया म्हंजी तुमाला कोरोना न्हाय, देवाचं भलं!"

*

मग कमळकाकू पॉझिटिव्ह आल्या.

दवाखान्यात न्यावं इतका त्रास नव्हता. चौदा दिवस घरातच राहा म्हणून सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या वस्तीने त्यांच्या वाटेवर बोरीच्या फांद्या टाकल्या. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "तिच्याच भल्यासाठी हाय. कुणी गेलं न्हाय म्हंजी तिला बी कुणाचं लागायचं न्हाय." मी हे तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मला समजलं नाही. लागलं तर काकूंनाच होतं!

आरोग्य केंद्राच्या आशाताई दोन दिवसांआड लांबून विचारून जायच्या. चूल पेटवण्याइतकी ताकद काकूंच्यात नव्हती. खायला यायचं ते एकाच वाटेने. सुनंदावहिनी बांधावरच्या दगडावर वाटी ठेवायच्या, मिस्ड कॉल द्यायच्या, आणि काकू काठी टेकत येऊन घेऊन जायच्या. दूध, भाकरी, कधी मऊ भात. घरात वाळवून ठेवलेले मासे तोंडाला लागत नाहीत म्हणून काकू ते वाटीत घालून वर धाडायच्या.

मी काकूंना रोज फोन करायला लागले. फॉर्मवर एवढं मागितलं नव्हतं, पण करायचे.

"काकू, चव लागते का?"

"न्हाय गं पोरी. परवा दूध पिते का पाणी, ते डोळं उघडून बघाय लागलं."

"काकू, तुमच्या मुलानेच ना आबांवर केस केलीय?"

पहिला नियम मी इथं मोडला, हे सरांना अजून माहीत नाही.

"लेकानं केलीया," काकू म्हणाल्या. "मी नुस्ती वाटी घेती."

*

दुसरा नियम मोडला तो काकूंच्या चौदा दिवसांतल्या आठव्या दिवशी.

सरांना शेवटी कुटुंबप्रमुखाकडून खात्री करून हवी होती. तेच प्रश्न घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचे, उत्तर वेगळं आलं तर खूण करायची आणि पुढे जायचं. खूण करायची! बोलायचं नाही. समोर सुनंदावहिनींचा फॉर्म ठेवून मी आबांना फोन लावला.

आबा फार अदबीने बोलत होते. दूध, दशमी, पिठलं, सगळं जुळलं.

"मासे किंवा मटण?"

"मॅडम, गळ्यात माळ हाय आमच्या."

"म्हणजे गेल्या सात दिवसांत घरात एकदाही—"

"न्हाय म्हणलं की."

माझी नजर फॉर्मवर. मंगळवार, चिलापी, दोन वाट्या. आणि माझ्या तोंडातून निघालं, "पण मंगळवारी..."

"मंगळवारी काय?"

मी घाबरले की गप्प बसत नाही. घाबरले की जास्त खरं बोलते.

"तुमच्या घरात नाही, आबा! गोठ्याच्या मागे!"

तेवढ्यावरही थांबले नाही.

"आणि विकत आणलेले नाहीत हो! कमळकाकूंनीच दिलेले! तुमच्याच दुधाच्या बदल्यात!"

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रूपालीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

तेवढ्याच अदबीने आबा म्हणाले, "फॉर्म भरून झाला का?"

"हो."

"बरं," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी वळून बघितलं. रूपाली म्हणाली, "एक नियम होता. एक!"

"दोन होते," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

*

संध्याकाळी सुनंदावहिनींचा फोन बंद. आबांचा बंद. कमळकाकूंची रिंग जात होती, पण कुणी उचलत नव्हतं.

मी आशाताईंना लावला. त्या दुसऱ्या गावात अडकल्या होत्या.

"चार्जिंग नसंल तिच्या फोनला. मी परवा जातेच आहे."

"रिंग जातेय ताई. चार्जिंग आहे."

"मग झोपली असंल."

तात्यांना लावला. "तात्या, काकूंच्या दारात नुसतं डोकावून या ना. लांबूनच."

"फांद्या आमीच टाकल्यात, मॅडम. आमीच कशा उचलायच्या?"

मुलाचा नंबर फॉर्मवर नव्हता. काकूंनी काल दुपारी शेवटचं काय खाल्लं ते मात्र माझ्याकडे लिहिलेलं होतं : मऊ भात, अर्धी वाटी. तिच्यानंतरची वाटी मी बंद पाडली होती. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाली म्हणाली, "चल, बस स्कूटीवर." माझ्या पिशवीत बिस्किटांचे पुडे, दूध पावडर आणि फॉर्मचा गठ्ठा. फॉर्म का घेतले, विचारू नका. आम्ही बारामती सोडून तासभर गेलो असू, तर नाक्यावर अडवलं. एकच पोलीस होते, झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. तोंडाला रुमाल बांधलेला.

"पास?"

"नाहीये."

"कुठं निघाला?"

मला खोटं काही सुचलं नाही. "एका काकूंनी काल काय खाल्लं, ते विचारायला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रूपालीकडे बघितलं. मग म्हणाले, "आमाला कुणी इचारलंय का, आमी काय खाल्लं?"

मी खरंच गोंधळले. पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि तिथंच विचारलं.

"सकाळी बिस्कीट," ते म्हणाले. मग बोटांवर मोजत, "दुपारी बिस्कीट. चारला एका बाईनं उपमा आणून दिला. गार हुता. रात्री बिस्कीट."

"उपमा किती?"

"कागदावर हुता. वाटीनं कसा सांगू?"

मी लिहून घेतलं. त्यांनी सही केली. आणि पास नसल्यामुळे आम्हाला परत पाठवलं!

मी फॉर्म काढून घेतले आणि पिशवी त्यांच्याकडेच ठेवून आले. निघताना ते म्हणाले, "बिस्किटंच हाईत व्हय."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून मी काकूंना फोन लावत होते. सातला. साडेसातला. मग दर दहा मिनिटांनी. रूपालीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. सरांना मी सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं रागावतील. ते एवढंच म्हणाले, "लावत राहा," आणि पंधरा मिनिटांनी त्यांचाच मेसेज आला, "उचलला का?" मग पुन्हा आला, "उचलला का?" मग तिसऱ्यांदा नुसतं प्रश्नचिन्ह.

आशाताईंचा फोन आता लागतच नव्हता. तात्या म्हणाले, काकू आजारी पडल्यापासून त्यांच्या घरातून धूर दिसला नव्हता. मग म्हणाले, आज सकाळी दिसला. मग म्हणाले, काकूंचाच का गोठ्याकडचा, ते सांगता येत नाही. "पर फांद्या बाजूला पडल्यात," ते म्हणाले. "आमी न्हाय हलवल्या. कुणी हलवल्या ते म्हाईत न्हाय."

"तात्या, म्हणजे कुणी आत गेलंय? का कुणी बाहेर..."

मला ते वाक्य पुरं करता येईना. 

रूपाली म्हणाली, "आता मी लावते, तू बस."

"नको. माझ्यामुळे झालंय."

मी पुन्हा लावला. रिंग गेली. एकदा, दोनदा. मी उभी राहिले. खिडकीशी गेले. पाचदा, सहादा. आता कट होणार म्हणून मी फोन कानापासून काढला आणि तेवढ्यात रिंग थांबली.

"हॅलो! काकू? काकू, मी बारामतीहून—"

"काकू न्हाईत," पुरुषाचा आवाज.

मी खिडकीचा गज धरला. हा आवाज दोन दिवसांपूर्वी माझ्याशी फार अदबीने बोलला होता.

"आबा?"

"व्हय."

"आबा, तुम्ही... काकूंच्या घरी? काकू कुठायत? आबा, काकू बऱ्या आहेत ना?"

मागे कुठंतरी ताट सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी बारीकसं खोकलं.

"जरा दमानं मॅडम," आबा म्हणाले. "कमळवैनी जेवत्यात. मी चिलापीचं काटं काढून देतोय."